एकेचाळीस वादळं

तस्नीमने तळ्याच्या तळात रोवून काढलेला प्लास्टिकचा पाइप सुरीने उभा चिरला आणि त्याच्या दोन फाका टेबलावर उघडून ठेवल्या. आत काळा गाळ होता, आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास. मिरकरवाड्यात मासळीच्या वासात वाढलेली मुलगी, पण या वासाने तिला तीन वर्षं रोज मळमळत आलं होतं. ओढणी कितीही धुतली तरी तो जात नसे.

काळ्या गाळात दोऱ्याएवढे बारीक फिकट पट्टे होते. हे पट्टे म्हणजे तिच्या मार्गदर्शकांचा, पाध्ये सरांचा शोध. अरबस्तानातली धूळ वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येते, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, या तळ्यात बसते, आणि एक पट्टा म्हणजे धुळीचं एक वादळ, असं सरांनी मांडलं होतं. पट्ट्यातली माती भिंगाखाली खरोखरच परकी दिसे. सड्याच्या तांबड्या मातीशी तिचा काही संबंध नव्हता. दोघांनी मिळून पट्टे मोजले होते. एकेचाळीस वर्षांत एकेचाळीस वादळं. एका मोठ्या नियतकालिकाने लेख घेतला होता. दोघांच्या सह्या झाल्या की तो छपाईला जाणार होता आणि त्याच्या जोरावर तस्नीमला डॉक्टरेट मिळणार होती. आजचा पाइप फक्त पडताळ्यासाठी होता.

वरून चौथ्या पट्ट्यात तिच्या चिमट्याला काही तरी कडक लागलं. नखाएवढा गुलाबी पापुद्रा निघाला. एका बाजूने गुळगुळीत, आणि त्यावर सोनेरी रंगाची एक रेघ. वाळवंटातून सोनेरी रेघा येत नाहीत, एवढं कळायला डॉक्टरेट लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने हातखंब्याला उतरली आणि सडा चढून तळ्यावर गेली. हे तळं सरांच्याच गावचं. काठावर सोनूबाई नावाची म्हातारी गोधड्या धूत होती. तस्नीमने पापुद्रा तिच्यापुढे धरला. म्हातारीने तो पुरता पाहिलासुद्धा नाही.

"गणपतीचा असंल त्यो. आमची सगली वाडी हितंच बुडवताव. पाध्यांचा गणपती पयला, मग बाकीच्यांचं."

मूर्तींची शाडू माती दर वर्षी ट्रकने गुजरातेतून येते, तेही सोनूबाईनेच सांगितलं. म्हणजे पट्टा वादळाचा नव्हे, विसर्जनाचा: वर्षाला एक. तस्नीमने विसर्जन जन्मभर पाहिलं होतं, पण घराजवळच्या मांडवीच्या समुद्रात. समुद्र सगळं गिळतो. सड्यावरची माणसं गणपती कुठे नेत असतील, हा प्रश्न तिला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. परतीच्या एसटीत तिला स्वतःची लाज वाटत राहिली. सरांना मात्र धक्का बसेल, बिचारे खचतील, असंच तिला वाटत होतं.

सर खचले नाहीत. ते बशीतून चहा भुरकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बिस्किटाचा चहात पडलेला तुकडा बोटाने काढून तोंडात टाकला आणि म्हणाले की ही शंका त्यांना गेल्या वर्षीच आली होती. परीक्षक बाहेरचे, तळ्यावर विसर्जन बघायला कोण येतंय? शिवाय धूळ येत नाही असं तरी कोण सिद्ध करणार? मग त्यांनी आवाज उतरवला.

"आणि हे तू बोलायचंस? गणपतीच्या मातीबद्दल, तू? दिवस कसे आहेत ते बघतेस ना. मी आपलं तुझ्या काळजीने सांगतोय."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची माया होती. तस्नीमला गाळात कोपरापर्यंत हात घालतानाही इतकी किळस कधी आली नव्हती. ती खुर्चीसकट मागे सरकली. छपाईच्या संमतीचा कागद टेबलावरच होता. तिने पेन उघडलं आणि स्वतःच्या नावावर काट मारली.

सरांचा चेहरा सैल झाला.

"शहाणी आहेस. मी माझ्या एकट्याच्या नावाने पाठवतो. तुझ्यासाठी दुसरा विषय बघू, मी आहे ना."

त्यांनी दुसरं बिस्किट उचललं. ते त्यांनी इतक्या निवांतपणे उचललं की तस्नीमच्या लक्षात आलं, आपण नेमकं त्यांना हवं तेच केलं. आपण बाजूला झालो, आता खोटं बोलायला ते मोकळे. मघाची किळस आता स्वतःचीही वाटायला लागली. तिने कागद पुन्हा ओढला आणि खोडलेल्या नावाच्या वर, बापाच्या नावासकट, सावकाश लिहिलं: तस्नीम मजीद होडेकर. खाली सही केली.

"आता हे काय?" सरांनी विचारलं.

"नाव राहू दे, सर. लेखातली चूक मी कळवणार आहे; लेखकानेच कळवली, तर संपादकांना दुरुस्ती छापावी लागते."

बशी त्यांच्या ओठांपाशीच राहिली. ती खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुझी डिग्री?"

"जाईल," ती म्हणाली, आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.