वीसपैकी चौदा

अध्यक्षांनी अहवाल टेबलावर सरकवला आणि चष्म्याच्या दांडीनं एका आकड्यावर टकटक केलं.

“वीसपैकी चौदा. माझ्या नातवानं असा निकाल आणला तर त्याची आई घर डोक्यावर घेईल.”

मादाम हसल्या नाहीत. तेवीस वर्षं या खाजगी फ्रेंच शाळेत शिकवताना त्यांना सगळे मादामच म्हणत आले होते; शिपाई म्हणायचा, भाजीवालाही. त्या इथल्याच. शाळेचा अभ्यासक्रम, पुस्तकं, गुण देण्याची रीत मात्र तिकडची, फ्रान्सची, आणि यंदा आलेले मुख्याध्यापकही तिकडचेच. पालकांना अस्सल उच्चार हवेत, हे त्यांनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं. मग तिकडून तपासनीस आला, मादामच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसला आणि गुण देऊन गेला. पंधराच्या खाली ज्याचे गुण, त्याचा करार संपला, असं संस्थेनं आधीच ठरवलं होतं.

“साहेब, या पद्धतीत चौदा म्हणजे उत्तम,” मादाम म्हणाल्या. “वीस देवाला, एकोणीस गुरूला, उरलेले पोरांना, असं तिकडे म्हणतात. सोळा तर मी जन्मात कुणाला दिले नाहीत. हे पंधरा कुणी ठरवले?”

“यांनीच सुचवले,” अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांकडे बोट केलं.

सिमेंटच्या धंद्यात हयात गेलेल्या अध्यक्षांना फ्रेंचचा गंध नव्हता. ते त्यांच्याकडे वळले.

“काय हो, खरं का हे? चौदा चांगले?”

मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. इथली भाषा ते कढत चहासारखी बोलत, घोट घोट.

“नियम सगळ्यांना एक,” ते म्हणाले.

“तुम्हाला स्वतःला किती होते?” मादामनी विचारलं.

“माझी फाइल तिकडे आहे.”

“म्हणजे तेरा.”

“हे बघा, भांडण नको,” अध्यक्ष म्हणाले. “तिसरं कुणी सांगेल का?”

मादामनी टेबलाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे शाळेची कारकून खाली मान घालून सभेचं इतिवृत्त लिहीत होती.

“हिला विचारा. माझीच विद्यार्थिनी. बारा वर्षं झाली असतील.”

“चौदा,” ती म्हणाली. “चौदा वर्षं.”

“बोल बाई. ते गुण चांगले म्हणायचे का?”

“मला मादामनी अकरा दिले होते, साहेब. तिकडच्या कॉलेजला बारा लागत होते. आई मादामच्या घरी गेली होती. तासभर दारात उभी होती.”

“ते नव्हे गं, चौदा म्हणजे—”

“मादाम आईला म्हणाल्या, आकडा म्हणजे आकडा. त्याचा अर्थ लावत बसायचं नाही.” तिनं पान उलटलं. “तेच लिहू इतिवृत्तात?”

मादामना ती आई आठवेना. आठवली ती एक ओली छत्री, आणि नंतर उंबऱ्यावरचं पाणी पुसताना झालेली चिडचिड.

“लिही,” अध्यक्ष म्हणाले. “आणि ठराव वाचून दाखव. दोन्ही भाषांत, तिकडेही पाठवायचाय.”

तिनं फ्रेंच मसुदा आधी घेतला. ‘सेवा समाप्त’ या शब्दांवर ती थांबली नाही, घाईही केली नाही. वाचन असं स्वच्छ होतं, की मोबाइल चाळणाऱ्या मुख्याध्यापकांनी मान वर केली. मादाम वर्गात ऐकत तशा डोळे मिटून ऐकत होत्या.

वाचून झाल्यावर त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. अहवालाच्या कोपऱ्यात सोळा लिहिले, खाली सही केली आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

तिनं आकडा पाहिला. कागद पंचमध्ये सरळ धरून दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला.

“जाताना कपाटाच्या चाव्या माझ्याकडे द्या, मादाम,” ती म्हणाली. फ्रेंचमध्ये.