दोन ओळींची साक्ष

चामटोलीच्या अक्षय भोईरने इंग्लंडात बायकोचा खून केला, हे बदलापुरात ठरलं तेव्हा तिथल्या कोर्टात खटला उभासुद्धा राहिला नव्हता.

पुरावा म्हणाल तर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ. समोरच्या घरातल्या कुणी खिडकीतून काढलेला. दारात अँब्युलन्स उभी, पोलिसांची गाडी उभी आणि अक्षय पायरीवर बसून बायकोचे बूट मांडीवर घेऊन रुमालाने पुसतोय. आत जिन्याखाली करिष्मा मरून पडलेली. करिष्मा म्हणजे चामटोलीसारख्याच बदलापूरजवळच्या खरवईची पोर, शिकलेली नर्स. तिच्याच नोकरीच्या व्हिसावर तो तिकडे गेला होता आणि एका बेकरीत कामाला लागला होता. चॅनेलवाल्यांनी तो व्हिडिओ हळू करून, लाल बाण दाखवून, दिवसातून वीसदा फिरवला. एक मानसतज्ज्ञ म्हणाले, हे थंड डोक्याचं लक्षण. दुसरे म्हणाले, बूट पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. पहिल्या तारखेला तो व्हॅनमधून उतरताना हसल्याचा फोटो आला, मग तर विचारूच नका. "मोठा गोरा वकील लावलाय म्हणे. वेडा ठरवून सोडवणार बघा." तो वकील तिथल्या सरकारनेच दिलेला आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते वाक्य. अँब्युलन्स बोलावताना अक्षयचा फोन अकरा मिनिटं चालू राहिला होता. अर्धंमुर्धं इंग्रजी बोलून झाल्यावर तो मराठीत काहीतरी बडबडत होता. त्याचं इंग्रजी करून सरकारी वकिलांनी सुरुवातीच्या तारखेलाच कोर्टात वाचलं, ते तिथल्या पेपरात छापून आलं आणि आपल्या चॅनेलांनी त्या इंग्रजीचं पुन्हा मराठी केलं : "मी तुला खूप मारलं. अजून किती मारू?"

यशोधरा रोकडेनेही ती बातमी वाचली, चार शिव्या हासडल्या आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर पुढे ढकलली. 'असल्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे,' असं वर लिहिलंसुद्धा.

यशोधरा अंबरनाथची. उल्हासनगरच्या कोर्टासमोर एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल घेऊन ती भाषांतरं करायची. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारे, लग्नाची सर्टिफिकेटं. मराठीतून इंग्रजी, सिंधी व्यापाऱ्यांच्या पोरांसाठी हिंदीतून इंग्रजी. खाली शिक्का : खरे भाषांतर. वडील सुदाम रोकडे कारखान्यात टर्नर होते, आता रिटायर. लेकीच्या कामाबद्दल कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आमच्या धंद्यात माप केसभर चुकलं तर पार्ट भंगारात जायचा. हिच्या धंद्यात माणूस जातो." ऐकणारे हसायचे. शाळेच्या दाखल्याने कोण मरतंय?

मग एके दिवशी इंग्लंडहून फोन आला. अक्षयची सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणारी वकील, एक मध्यमवयीन बाई. अक्षय-करिष्माच्या लग्नाच्या सर्टिफिकेटचं भाषांतर फाईलमध्ये होतं आणि त्यावर यशोधराचा शिक्का. बाईंनी विचारलं, तुम्ही त्याच भागातल्या का? त्याच्या गावची बोली समजते का? रेकॉर्डिंग पाठवलं तर सगळं, शब्दन् शब्द, लिहून द्याल का?

"तो दोषी आहे असं मला वाटतं," यशोधरा म्हणाली.

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "मला तुमचं वाटणं नकोय. कान हवेत."

त्या रविवारी सकाळी यशोधरा कानाला हेडफोन लावून बसली. पहिल्यांदा नुसता गोंधळ ऐकू आला. धाप, रडणं, पलीकडून ऑपरेटरचं शांत इंग्रजी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सातव्यांदा तिने वही ओढली आणि जे ऐकू येत होतं ते मराठीतच लिहिलं :

'किती मारली गो तुला, ओ दे ना. अजून किती मारू?'

ती वहीकडे बघतच राहिली.

सरकारी भाषांतर तिने शेजारी ठेवलं. भाषांतरकाराच्या नावापुढे हिंदी, गुजराती, मराठी अशा तीन भाषा होत्या. त्याने 'ओ दे ना'चं केलं होतं, 'अरे, दे ना', आणि पुढे कंसात लिहिलं होतं, अर्थ लागत नाही. अर्थ कसा लागणार? मराठीत मारायचं म्हणजे का फक्त हाणायचं असतं? मिठी मारतात, उडी मारतात, गप्पा मारतात, फेरी मारतात. आणि हाक मारतात. ओ कशाला देतात? हाकेला. मार खाणाऱ्याकडे कुणी ओ मागतं का?

तो तिला हाका मारत होता. ती ओ देत नव्हती.

यशोधराने ग्रुपवरचा आपला मेसेज पुसला. पण चाळीस जणींनी तो वाचला होता, कितीजणींनी पुढे ढकलला होता कोण जाणे. तिला आपलीच लाज वाटली.

मग तिने उरलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. आठव्या मिनिटाला, ऑपरेटर बोलत असताना, मागून आवाज येत होता. सरकारी भाषांतरात तिथे होतं, 'ऐकू येत नाही'. यशोधराने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. ऐकू येत होतं.

'काल हात उचलला तुज्यावर. चुकलो गो, चुकलो.'

तिने हेडफोन काढून ठेवला. ही ओळ कुणालाच माहीत नव्हती. सरकारी पक्षाला नाही, वकिलाला नाही. गाळली तर कुणी विचारणार नव्हतं.

तिने दोन्ही ओळी लिहिल्या. वेळेसकट, सेकंदासकट. दुसऱ्या दिवशी सॉलिसिटरचा फोन आला. "दुसऱ्या ओळीचा दुसरा काही अर्थ होतो का? 'मारली'सारखा?"

"नाही. हात उचलला म्हणजे हात उचलला."

"हा अहवाल वापरायचा तर मला तो अख्खा द्यावा लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. अर्धा हवा असेल तर माझा शिक्का मिळणार नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. " तुम्हालाच साक्षीला उभं करू."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. 'खुन्याच्या बचावाला अंबरनाथची तरुणी' अशी पट्टी चॅनेलवर आली. झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, कस्टमर पूछता है, आप उस मर्डरवाले की तरफ से हो क्या?" ती एवढंच म्हणायची, "मी भाषांतराच्या तरफ से आहे." खटला चालू असेपर्यंत तिला तोंड उघडायची मुभा नव्हती आणि तिने ते घरीही उघडलं नाही. सुदामरावांनी एकदाही विचारलं नाही. फक्त वस्तीत कुणी बोलू लागलं की ते म्हणायचे, "बाबासाहेबांनी आपल्याला कायदा दिला तो आपल्याला आवडणाऱ्या माणसांपुरता दिला का?" आणि उठून जायचे.

अक्षयचे वडील महिपती एकदा दुकानात आले. उन्हाने रापलेला माणूस, डोक्यावरची टोपी हातात. "बाय, मना त्यातला काय कलत नाय. माजा पोर..."

"काका, मी तुमच्यासाठी काम करत नाही. जे ऐकू येतं ते लिहिते. त्याच्या बाजूचं असेल, विरुद्धही असेल."

म्हातारा मान हलवून म्हणाला, "खरा काय ता लिव. खोट्यान सुटला, तर गावान तोंड कसा दाखवाचा?"

परवानग्या मिळायला दोन महिने गेले. साक्ष व्हिडिओवर व्हायची होती, उल्हासनगरला तीन नंबर कॅम्प या भागात एका सिंधी वकिलांच्या ऑफिसात. तिथले साडेदहा म्हणजे आपले दुपारचे तीन. यशोधराने आईची पांढरी साडी नेसली होती. खोलीत एकटीच ती. सुदामराव बाहेर दाराशी बाकावर. पडद्यावर विग घातलेले लोक, बारा जणांची ज्युरी आणि कोपऱ्यात काचेआड अक्षय. अर्धा राहिला होता तो.

सरकारी वकील बाई होत्या, उंच आणि शांत. त्यांनी सुरुवातच टोकदार केली.

"आरोपी तुमच्या भागातला आहे. त्याला वाचवावंसं वाटणं साहजिक आहे, नाही का?"

"जी वारली तीही माझ्याच भागातली आहे, मॅडम," यशोधरा इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, पुढे नाही.

"रेकॉर्डिंग ऐकण्यापूर्वी तुमचं काही मत होतं?"

"होतं. तो खुनी आहे असं मी मानत होते. तसं लिहून मैत्रिणींना पाठवलंही होतं."

कोर्टात कुजबुज झाली. बाईंनी कागदावरून मान वर केली. "आणि आता?"

"आता माझं मत नाही. माझ्याकडे फक्त भाषांतर आहे."

"बरं. खेड्यात लोक 'तिला मारली' असं मारहाणीबद्दलही म्हणतात की नाही?"

"म्हणतात," यशोधरा म्हणाली. काचेआड अक्षयने डोळे मिटले. "नुसत्या त्या शब्दावरून मी काहीच सांगू शकत नाही. पण त्याच्यापुढे 'ओ दे' आहे. ओ म्हणजे हाकेला दिलेला प्रतिसाद. ओ देण्याचा मार खाण्याशी संबंध नाही."

"हा 'ओ' म्हणजे नुसता उसासाही असू शकेल."

"उसासा द्यायला सांगत नाही कुणी. आमच्याकडे लहान मूलही शिकतं, हाक मारली की ओ द्यायची. म्हणजे समजा, मी हाक मारली," आणि समजावून सांगण्याच्या भरात तिचा आवाज नकळत चढला, "बाबा!"

"ओऽऽ!" दाराबाहेरून सुदामरावांचा खणखणीत आवाज आला. चाळीस वर्षं मशीनच्या गोंगाटात बोललेला माणूस. पाठोपाठ दार किलकिलं झालं. "काय गं? पाणी हवंय का?"

पडद्यावर आधी कुणाला काही कळेना. मग न्यायाधीशांनी विचारलं, "कोण होतं ते?"

यशोधराचा चेहरा लाल झाला. "माझे वडील, साहेब. बाहेर बसलेत. त्यांना काहीच माहीत नाही."

"आणि ते काय म्हणाले?"

"ओ म्हणाले."

ज्युरीतली एक म्हातारी बाई खुदकन हसली. न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला आणि काहीतरी लिहून घेतलं. सुदामराव दार लावून घेत होते. त्यांना वाटलं, आपण खटला बिघडवला. घरी जाईपर्यंत ते माफी मागत होते आणि यशोधरा हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

पण त्याच साक्षीत सरकारी वकिलांनी दुसरी ओळ तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. 'काल हात उचलला तुज्यावर.' यशोधराने ती तितक्याच स्पष्ट आवाजात वाचली. पुढे अक्षयने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून कबूल केलं : आदल्या संध्याकाळी भांडण झालं, थोबाडीत मारली. बूट का पुसत होतास, असं विचारल्यावर म्हणाला, आठवत नाही. डॉक्टरांचं एकमत नव्हतं, पण दोघांनी ठामपणे सांगितलं की मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली आणि करिष्मा जिन्यावरून कोसळली. अशी वाहिनी कधीही फुटते. बाराही जणांनी त्याला खुनाच्या आरोपात निर्दोष ठरवलं.

मग काय, वारं फिरलं. ज्यांनी लाल बाण दाखवले होते तेच आता 'मराठीच्या एका अक्षराने जिंकला खटला' म्हणू लागले. दुकानासमोर कॅमेरे आले. माईक पुढे करून एकाने विचारलं, "मॅडम, एका निर्दोष माणसाला वाचवलंत, कसं वाटतंय?"

"मी कुणाला वाचवलं नाही," यशोधरा म्हणाली. "त्याने बायकोवर हात उचलला होता, हेही मीच लिहिलंय. ते दाखवणार का?"

ते त्यांनी दाखवलं नाही.

आठवड्याने, दुपारी, एक बाई दुकानात आल्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "मी नीलिमा. करिष्माची आई."

यशोधरा उभी राहिली. झेरॉक्सवाल्याने न सांगता मशीन बंद केलं.

"टीव्हीवर सगळे म्हणतात त्याने हाका मारल्या. ते खरं?"

"खरं आहे, काकू."

"आणि दुसरं? तुम्ही कोर्टात वाचलंत म्हणे, ते?"

"तेही खरं आहे."

नीलिमाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मला तिने फोनवर सांगितलं होतं, पुष्कळदा. यांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, पोरी वाढवून सांगतात. ती गेल्यावर मी पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, आई आहे, बोलणारच. आता कोर्टाच्या कागदावर आलं ना ते?"

"आलंय. माझ्या सहीनिशी."

बाई म्हणाल्या, "खून नाही केला, ते मी मानते. मानायला जड जातंय, पण मानते. त्याने तिला हाका मारल्या हे ऐकून त्या दिवशी मी पहिल्यांदा झोपले. पण माझी पोर खोटं बोलत नव्हती, हे जगात एका कागदावर तरी लिहिलेलं पाहिजे होतं. मला त्या दोन ओळी लिहून द्याल? इंग्रजी नको. तो बोलला तशाच."

खटला संपला होता, साक्ष उघड कोर्टात झाली होती. यशोधराने कोरा कागद घेतला आणि हाताने दोन्ही ओळी लिहिल्या, एकीखाली एक. खाली सही केली आणि शिक्का उमटवला.

नीलिमाताईंनी कागद वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. उठताना त्यांनी यशोधराच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि विचारलं, "आई-वडील आहेत?"

"वडील आहेत. अंबरनाथला."

"त्यांना सांग," नीलिमाताई म्हणाल्या, "खरवईची एक बाई म्हणत होती, लेक असावी तर अशी."

त्या संध्याकाळी यशोधराने तो निरोप सांगितला तेव्हा सुदामराव गॅसवर चहा ठेवत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसतं विचारलं, "पुन्हा सांग, काय म्हणाल्या?"

तिने पुन्हा सांगितलं. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.