उघडी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. पण मला विहिरीवर शोधायला जाऊ नका. चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रीनच्या कडेला, कलती होऊन रंग सांडणारी इवलीशी बादली दिसते ना, ती मी. मला कडी नाही, बूड नाही आणि खरं सांगू का, धीर तर मुळीच नाही.

मला घडवणाऱ्या प्रोग्रामरने एकच शिकवण दिली. क्लिक झालं की पसरायचं आणि काळी रेघ आडवी आली की थांबायचं. पसरणं मला जमतं. थांबणं जिवावर येतं.

माझी उमेदीची वर्षं एका बापलेकीच्या घरात गेली. खिडकीपाशी बसून बाबा मुलांच्या पुस्तकांसाठी टाकाने शाईची चित्रं काढत. ती स्कॅन होऊन लेकीच्या कॉम्प्युटरवर येत. रेघांचा लेयर ती सगळ्यात वर ठेवी. त्याखाली मी रंग ओतायचा आणि मग ती ब्रशने सावल्या चढवायची. बाबांची रेघ म्हणजे पक्का बांध, कुठून पाझरायची सोय नाही. "ही बादली नसती तर माझी कंबर मोडली असती," असं लेक म्हणायची, आणि मी फुशारून जायचे.

मग एक दिवस कोंबडीचा तांबडा रंग आभाळभर झाला. "काही धरबंध आहे का हिला?" ती माझ्यावर करवादली. दोष माझा नव्हता हो. कोंबडीच्या पाठीवर रेघ केसाएवढी तुटली होती. तिने ती जोडली आणि मला पुन्हा ओतलं. पुढच्या चित्रात दोन भोकं निघाली, त्याच्या पुढच्यात पाच. दर वेळी ती खिडकीकडे बघायची आणि गुपचूप भोक बुजवायची. आपलं वय झालं असं वाटून बाबा खचतील, ही तिला धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं करत महिने गेले. मी आतल्या आत तळमळायचे. सांगून टाक ना बाई एकदाचं! पण मला पसरण्याखेरीज दुसरं बोलणं येतं कुठे?

पुढे भोकं इतकी वाढली की तिने मला हात लावणंच सोडलं. कडेकडेने ब्रश फिरवत तासन् तास बसायची. मी आपली कोपऱ्यात कलती, रिकामी.

एकदा बाबा उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं, नाव वल्हवणारा एक नावाडी.

"हल्ली इतका वेळ का लागतो गं तुला? पाणी बादलीने ओत की."

तिने ब्रश ठेवला आणि मला उचललं. माझा जीव टांगणीला लागला. मग तिने क्लिक केलं आणि मी सुटले. पाणी निळं झालं, नाव निळी झाली, नावाड्याचा चेहरासुद्धा निळा झाला.

"हे काय केलंस?"

"रेघ उघडी राहिलीये, बाबा."

"कुठे? मला तर सलग दिसतेय." ते वाकले आणि रेघेवरून बोट फिरवू लागले. बोट भोकापाशी आलं आणि तसंच पुढे गेलं.

लेकीने त्यांचं बोट मागे आणून भोकावर ठेवलं आणि सवयीने ते भोक ब्रशने बुजवलं. बाबांनी हळूच विचारलं, "कधीपासून बुजवतेस?"

"वर्ष झालं."

दुसऱ्या दिवशी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. काचबिंदू होता. डावा डोळा गेल्यातच जमा, उजवा औषधाने टिकेल. वर्षभर आधी दाखवलं असतं तर दोन्ही राखता आले असते, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल," लेक म्हणाली.

"वाटलं असतं की," बाबा म्हणाले. "पण डोळा राहिला असता."

मित्रांनो, मी सांडणारी, उतावळी, शिव्या खाणारी बादली. माझं एवढं ऐका. आपल्या माणसाची रेघ कुठे तुटलेली दिसली, तर मायेपोटी ती बुजवत बसू नका. त्याला दाखवा, आणि त्याच दिवशी दाखवा.