क्लचचं रबर

मल्लेशमने गाडी ट्रॅक्टरला बांधून ऐलय्याच्या गॅरेजात आणली. बायको जाऊन पाच दिवस झाले होते. तिच्या छातीत कळ आली म्हणून तो तिला घेऊन करीमनगरच्या दवाखान्यात निघाला होता. रेल्वे फाटक उघडलं, पण गाडीचा गिअरच पडेना. लोकांनी दुसरी गाडी आणेपर्यंत तिने मान टाकली होती.

ऐलय्याने क्लच दाबला. पेडल पोकळ खाली गेलं. गाडीखाली शिरून त्याने क्लचचा सिलिंडर खोलला. तेल सगळं गळून गेलं होतं, आतलं रबर फाटलं होतं.

"बावा, मागच्या महिन्यात हेच नवीन बसवलंस ना?" मल्लेशमने वाकून विचारलं. नात्यातल्या ऐलय्याला तो बावा म्हणायचा.

तेव्हा दुकानात रबर मिळालं नव्हतं, म्हणून ऐलय्याने नुसतं तेल भरून दिलं होतं. माल खराब निघाला म्हटलं असतं, तर आताही खपून गेलं असतं.

"नाही," तो खालूनच म्हणाला. "जुनंच ठेवलं. चालेल वाटलं रे."



"आता नवीन बसव," मल्लेशम म्हणाला. "माझ्यादेखत बसव." आणि तो तिथेच तेलकट मातीत बसला.