आमचा रस्ता तिकडून जात नाही

सव्वीस वर्षं त्याने ट्रक चालवला, त्यातली एकोणीस सीमेपलीकडच्या देशात. जाताना फरश्या, येताना मोटारींचे सुटे भाग. लग्नानंतर चौथ्या वर्षी बायकोने पहिल्यांदा विचारलं होतं, "अहो, त्या देशात टेकडीवर मोठं देवस्थान आहे म्हणतात. एकदा मला ट्रकमधून न्याल का?"

तो बुटांच्या नाड्या सोडत होता. "आमचा रस्ता तिकडून जात नाही," म्हणाला.

पुढे तिने आणखी दोन-तीनदा विचारलं. उत्तर तेच. मग तिने तो विषयच सोडून दिला.

तो निवृत्त झाल्यावर जावयाने स्वतःची गाडी पुढे केली. "बाबा, आता आईंना घेऊन जाच. आयुष्यभर एकटेच फिरलात." नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

सीमा ओलांडली तसा तो खुलला. पाट्यांवरची परकी अक्षरं वाचून दाखवायला लागला. इथे टायर फुटला होता, त्या वळणावर धुक्यात तीन तास अडकलो होतो. बायको दुखरे गुडघे लांब करून बसली होती, संत्री सोलून त्याच्या हातावर फोडी ठेवत होती.

"तुम्हाला इथलं झाडन् झाड पाठ आहे हो," ती कौतुकाने म्हणाली. पुढची पाटी त्याने वाचून दाखवली नाही.

टेकडीच्या मागच्या बाजूने जायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण तो रस्ता खणून ठेवलेला. पोलिसाने हात करून गाडी वळवली आणि ते थेट त्याच्या ट्रकच्या जुन्या थांब्यावर येऊन पोचले. तिथे एक खानावळ होती आणि खानावळीला लागूनच देवस्थानाच्या पायऱ्या सुरू होत होत्या.

खानावळवाली बाई आता बरीच म्हातारी झाली होती. त्याला पाहताच हात पुसत धावत आली, खांद्यावर थापट्या मारत आपल्या भाषेत भडाभडा बोलायला लागली. न विचारता त्याच्यापुढे बिनदुधाचा कडक चहा ठेवला. मग बायकोकडे वळून कडेच्या बाकाकडे बोट दाखवलं, दोन्ही तळवे गालाखाली धरून डोळे मिटले, घोरण्याचा आवाज काढला आणि खळखळून हसली.

"काय म्हणतात त्या?" बायकोने विचारलं.

"प्रवास कसा झाला, विचारतेय."

"मला भाषा कळत नाही, पण हातवारे कळतात." ती बाकाकडे बघत होती. "किती वेळ झोपायचात इथे?"

"इंजिन गार होईपर्यंत."

"म्हणजे?"

"दोन तास."

"दर खेपेला?"

त्याने मान हलवली.

"मग मला नाही का म्हणालात?"

मालक परवानगी देत नव्हता, हे उत्तर ओठांवर आलं होतं. पण दुसरे ड्रायव्हर आपापल्या बायकांना आणत, हे तिलाही माहीत होतं. खरं एवढंच होतं, की ट्रकमध्ये तो कुणाचाच कुणी नसायचा आणि ते त्याला गोड लागलं होतं. हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं?

ती उठली. कठडा धरून अकरा पायऱ्या चढली आणि बसली.

"नाही जमायचं. तुम्ही जाऊन या."

"मी उचलून नेतो तुला."

"राहू द्या. तेव्हा धावत गेले असते मी." तिने पिशवीतून तेलाची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

तीनशे चाळीस पायऱ्या चढेपर्यंत त्याला धाप लागली. वर दिव्यापाशी बसलेल्या सेवेकऱ्याने विचारलं, "कुणासाठी? काय मागणं आहे?" ती भाषा त्याला चांगली येत होती. उत्तर मात्र माहीत नव्हतं. बायकोला इथे का यायचं होतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मागचे लोक खोळंबले. त्याने मुकाट तेल ओतलं आणि खाली आला.

"तुला काय मागायचं होतं गं?"

"कधी?"

"तेव्हा. यायचं म्हणत होतीस तेव्हा."

"तेव्हा विचारायचं होतंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भांडली असती तर बरं, असं त्याला परतीच्या तीन दिवसांत कितीदा वाटलं. ती मात्र त्याला वेळेवर पाणी देत होती, पाठ दुखतेय का विचारत होती.

पुढच्या वर्षी शेजारणींनी मिळून सपाटीवरच्या एका देवस्थानाला जायची बस ठरवली. ही निघतेय, हे त्याला कळलं ते आदल्या दिवशी, बॅग भरताना.

"मी नेतो की गाडीने," तो म्हणाला.

"नको. खिडकीजवळची जागा मिळालीय मला."

सकाळी तिची बॅग उचलून तो बसपर्यंत गेला. ती खिडकीत बसली, शेजारणीशी काहीतरी बोलून हसली. बस वळेपर्यंत तो हात वर करून उभा होता.