उलट्या उताराचं देऊळ

आमच्या विभागात एखाद्या वस्तूचा उपयोग कळला नाही की ती पूजेची ठरते. दांडा तुटलेली पळी असो, भोक पडलेला दगड असो की तीन पायांचं काहीतरी असो, सर त्याच्याकडे दोन मिनिटं बघतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "धार्मिक विधी." तीन वर्षं हे ऐकून माझी खात्री झाली होती की दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी कुणी भांडी घासत नव्हतं की कपडे वाळत घालत नव्हतं. सगळे आपले सकाळपासून विधी करत बसलेले.

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन संस्कृती, हा माझा पदवीचा विषय. वर्गात आम्ही तिघं. त्यातली एक लग्न करून गेली आणि दुसऱ्याला आम्ही डुलकी म्हणायचो, कारण ग्रीक नगरराज्यांपासून रोमच्या पडझडीपर्यंत तो सलग झोपला होता. म्हणजे वर्ग म्हणजे मीच. हा विषय घेतला तेव्हा मामाने विचारलं होतं, "हे शिकून काय करणार? त्यांचं तर सगळं होऊन गेलंय." आईने कपाळाला हात लावला होता. बाबांनी मात्र हरकत घेतली नाही. बाबा प्लंबर. नळ, पाइप, बाथरूमची फरशी, सगळं स्वतः करतात. रोमन लोकांनी डोंगरातून शहरात पाणी आणलं, घरोघरी शिशाचे पाइप टाकले, हे मी एकदा त्यांना वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून रोमन आमच्या घरचे झाले. कुणाच्या मोरीखाली पालथे पडलेले असतानाही बाबा सांगायचे, "माझी मुलगी रोमन प्लंबिंग शिकतेय." मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

आता सरांच्या खोलीबद्दल. बसायच्या नव्हे, खणून काढलेल्या. अठरा वर्षांपूर्वी सर तिकडे एका लहानशा रोमन गावाच्या उत्खननाला गेले होते आणि सार्वजनिक स्नानगृहाच्या मागची नऊ नंबरची खोली त्यांच्या वाट्याला आली होती. खोली चार पावलं बाय पाच पावलं. एका भिंतीत पाणी जायचं भोक. पण फरशीचा उतार भोकाकडे नाही, बरोबर उलट्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात विटांचा बुटका कठडा, वर कोनाडा, कोनाड्यात मातीच्या मूर्तीचे पाय. नुसते पाय. सरांनी चष्मा काढला. पाणी मुद्दाम देवतेच्या पायाशी नेलेलं आहे, हे जलदेवतेचं देऊळ आहे, असा त्यांनी सिद्धांत मांडला आणि त्यावर त्यांची नोकरी, बढती, दोन पुस्तकं आणि विभागाच्या दारावरचा मोठा नकाशा उभा राहिला.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्याच खोलीवर होता. सरांनीच दिलेला विषय, सरांचाच निष्कर्ष, मी फक्त मध्ये शंभर पानं घालायची. सरांची सही झाली की पदवी, आणि पदवीनंतर पुढच्या शिक्षणाच्या जागेसाठी सरांचंच शिफारसपत्र. सही नाही झाली तर वर्ष बुडणार. इतकं साधं होतं सगळं.

घोळ आमच्या बाथरूमने केला.

आमच्या बाथरूममध्ये अंघोळ झाली की वायपर मारावा लागतो. पाणी जाळीकडे जातच नाही, खिडकीखालच्या कोपऱ्यात जमतं. त्या कोपऱ्यात बाबांनी विटांचा बुटका कठडा बांधून मनी प्लँट लावलाय. "झाडाला आपोआप पाणी मिळावं म्हणून मुद्दाम उतार दिलाय," असं बाबा सगळ्यांना सांगतात. पाहुणे कौतुक करतात. चौदा वर्षं आम्ही हे ऐकतोय आणि चौदा वर्षं आई सकाळ-संध्याकाळ उरलेलं पाणी वायपरने जाळीकडे ढकलतेय. त्या दिवशी प्रबंधाचं चौथं प्रकरण डोक्यात घोळवत मी वायपर मारत होते. कोपरा बघितला. कठडा बघितला. कठड्यावरच्या फळीवर आईने ठेवलेली साबणाची डबी बघितली. आणि अंगावर टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत मला कळून चुकलं की सरांनी अठरा वर्षं एका गवंड्याच्या चुकीची पूजा बांधली आहे.

मी त्याच पावली सरांकडे गेले. म्हणजे कपडे करून गेले. उत्खननाच्या नकाशावर मोजमापं होतीच: भोक कोपऱ्यापेक्षा चार बोटं उंच. कठड्याच्या विटा फरशीनंतरच्या, वेगळ्या भट्टीच्या. कोनाडा तर त्याहून नंतर भिंत फोडून काढलेला. मी म्हटलं, "सर, उतार चुकलाय. मग झाकायला कठडा बांधलाय."

सर शांतपणे म्हणाले, "रोमन कारागीर होते ते. जगाला पाणी पाजलं त्यांनी. आणि त्यांना फरशीचा उतार कळत नव्हता?"

"चूक कुणाचीही होते, सर."

"अशी नाही होत. ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे. तू मला एक कारागीर आणून दाखव, फक्त एक, जो सांगेल की अनुभवी माणसाच्या हातून अशी चूक होते. मी सही करतो. नाहीतर चौथं प्रकरण जसं ठरलं होतं तसं लिही."

मला हसूच आलं. कारागीर तर माझ्या घरात जेवत होता.

"बाबा," मी त्यांना ताटावरच गाठलं, "आपल्या बाथरूमचा उतार चुकलाय ना?"

बाबांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"पाणी म्हणतं."

"ते झाडासाठी आहे." मग मी सगळं सांगितलं. खोली नऊ, भोक, कोपरा, सरांची अट. आता बाबा उडी मारून माझ्या बाजूला येतील असं मला वाटत होतं. बाबा उडी मारून सरांच्या बाजूला गेले. "देऊळच आहे ते," ते म्हणाले. "एवढा शिकलेला माणूस सांगतोय. तू कालची पोरगी. आणि रोमन माणूस उतार चुकेल? अगं, डोंगर फोडून पाणी आणलंय त्यांनी!" माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्राध्यापकाची बाजू घेतली, तीही माझ्याविरुद्ध. मला इतका राग आला की मी जेवण अर्धवट सोडून उठले.

मग मी बाबांच्या धंद्यातल्या मित्रांकडे गेले. एक फरशीवाले काका, एक गवंडीकाका, एक जुने प्लंबर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात. तिघांनीही ऐकून घेतलं आणि तिघांनीही कानावर हात ठेवले. उस्ताद म्हणाले, "चाळीस वर्षांत माझा उतार चुकलेला नाही." त्यांच्या दुकानात त्यांच्याच मागे जमिनीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि त्यावर पोतं टाकलेलं होतं. मी पोत्याकडे बघितलं. त्यांनी मी पोत्याकडे बघताना बघितलं. "ते बसायला आहे," ते म्हणाले.

तरी मी चौथं प्रकरण माझ्या मनासारखंच लिहिलं. हट्ट म्हणा. भीती वाटत नव्हती असं नाही. पण देऊळ म्हणून लिहायला बसले की मला वायपर दिसायचा.

सादरीकरणाला घरच्यांना बोलवायची आमच्या विभागात पद्धत आहे, बहुधा खुर्च्या भराव्यात म्हणून. बाबा नवीन शर्ट घालून आले होते. आई पर्स मांडीवर धरून त्यांच्या शेजारी. डुलकी मागच्या रांगेत, त्याच्या नेहमीच्या कामात. पुढे सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बाई बारीक अंगाच्या, हातात पेन्सिल, आणि माझा प्रबंध त्यांनी खरंच वाचला होता, हे त्यातून डोकावणाऱ्या चिठ्ठ्यांवरून दिसत होतं.

मी वीस मिनिटं बोलले. उतार, विटा, कोनाडा. बाईंनी मान डोलावली. "मांडणी पटण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "पण सरांचा मुद्दा उरतोच. पाणी हेच ज्याचं काम, तो माणूस उतार उलटा देईल कसा? आणि दिलाच तर तोडून नीट करणार नाही?"

"याला एकाही कारागिराचा दुजोरा नाही," सर म्हणाले. "मी तिला संधी दिली होती. एकही माणूस मिळाला नाही तिला." त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. थकलेला होता, आणि मला तेच जास्त लागलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी यावर सही करू शकत नाही."

मी प्रबंध मिटला.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माझ्याकडून झालंय," बाबा म्हणाले.

सगळे वळले. डुलकीसुद्धा जागा झाला. बाबा उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांनी पुढची खुर्ची धरली होती. आईकडे ते बघत नव्हते.

"मी प्लंबर आहे. तीस वर्षं झाली धंद्यात. स्वतःच्या घरच्या बाथरूमचा उतार मी उलटा दिला."

"कसा काय?" बाईंनी विचारलं आणि पेन्सिल उचलली.

"भिंतीला दोरा ताणला होता. एक टोक वर, एक खाली. मध्ये जेवायला उठलो. परत आलो तेव्हा कुठलं टोक खालचं ते डोक्यातून गेलं. आणि तपासलं नाही. नवीन माणूस तपासतो. मी कशाला तपासू? सिमेंटचा माल घट्ट झाल्यावर पहिली बादली ओतली आणि कळलं. पण दुसऱ्या दिवशी सगळे नवीन बाथरूम बघायला येणार होते. प्लंबरचं बाथरूम. मग दोन विटा लावल्या आणि झाड आणलं."

"आणि कोनाडा?" बाई पुढे झुकल्या. "आमच्या खोलीत कोनाडा नंतरचा आहे. मूर्ती कशाला ठेवली असेल?"

"लोक विचारायला लागले असतील," बाबा म्हणाले. "नुसता कठडा असला की लोक विचारतात, हे काय. तिथे काहीतरी चांगलं ठेवलं की विचारायचं थांबतात. माझ्याकडे झाड होतं. त्याच्याकडे देवी असेल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.

सर मात्र बाबांकडे टक लावून बघत होते. आता ते चिडणार, अठरा वर्षांचं देऊळ पाडल्याबद्दल आम्हां बापलेकींना बाहेर काढणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा काढला. माझ्या मनात आलं, झालं, आता बाबाच धार्मिक विधी ठरतात.

"नंतर फोडून नीट करावंसं नाही वाटलं?" सरांनी हळू आवाजात विचारलं. परीक्षकाच्या सुरात नव्हे.

"दरवर्षी वाटायचं," बाबा म्हणाले. "यंदा फोडू, यंदा फोडू. पण तोपर्यंत झाड फार छान वाढलं होतं, सर. लोक झाड बघायला यायचे."

सरांची नजर दाराकडे गेली, तिथल्या मोठ्या नकाशाकडे, ज्यावर खोली नऊ निळ्या रंगाने रंगवलेली आहे. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि सही केली. पेन खाली ठेवून मला म्हणाले, "चौथ्या प्रकरणात तळटीप घाल. वडिलांचं नाव, धंदा, अनुभव किती वर्षं. मोजमापं घ्यायला मी येतो, तोवर फरशी फोडू नका म्हणावं." मला रडू येत होतं आणि सरांसमोर रडायची लाज वाटत होती, म्हणून मी उगीचच सादरीकरणासाठी आणलेल्या माझ्या नकाशाची गुंडाळी करत बसले.

आई या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. घरी येईपर्यंतही बोलली नाही. बाबा तिच्या दोन पावलं मागून चालत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी कशाला बोलू? मला सही मिळाली होती.

दार उघडल्यावर आईने पर्स खुंटीला लावली. आत जाऊन वायपर आणला आणि बाबांच्या हातात दिला.

"चौदा वर्षं," ती म्हणाली. "मी त्या झाडाची पानं पुसायचे हो."

बाबांनी नवीन शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि मुकाट्याने बाथरूममध्ये गेले. सकाळच्या अंघोळींचं पाणी कोपऱ्यात तसंच होतं. आई स्वयंपाकघरात बसली, मी तिच्यासाठी चहा टाकला, आणि चहा उकळून गाळून होईपर्यंत आतून वायपरचा आवाज येत राहिला.