फिल्टरचा दसरा

चन्नाप्पांच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं, पण हॉलमध्ये मासे होते. आठ लाल, एक काळा. वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, ईशान्येला पाणी हलतं ठेवा, काळा मासा घरावरचं संकट अंगावर घेतो. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यावर असं कुठलं संकट चालून येणार होतं, ते त्या वास्तुवाल्यालाच ठाऊक.

हे मासे जिवंत ठेवायचं काम जोतीरामचं. दातांचा एक डॉक्टर, दोन हॉटेलं, एक पतसंस्था आणि असली दहा-बारा घरं, एवढ्यावर त्याचं पोट होतं. महिन्याला एकदा तो सायकलवरून बादली घेऊन यायचा. बादलीला वास येतो म्हणून त्याला मागच्या दारानं घ्यायचे. कट्ट्यावर त्याच्यासाठी वेगळा कप पालथा घातलेला असायचा. तो कप त्यानं सात वर्षांत एकदाही सरळ केला नाही. चहा नको म्हणायचा.

माशांच्या काचेच्या पेटीच्या डोक्यावर फिल्टरचा लांबट डबा होता. मोटर खालचं पाणी वर ओढायची, ते स्पंजातून गाळून परत खाली पडायचं. महिन्यात स्पंज काळा, बुळबुळीत व्हायचा. जोतीराम पेटीतलंच पाणी बादलीत काढायचा, त्यात स्पंज दोनदा पिळायचा आणि काळा तो काळाच परत बसवायचा. नळाखाली कधी धरायचा नाही. त्या बुळबुळीत थरात जंतू असतात आणि माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष तेच खाऊन टाकतात. स्पंज गोरा केला की जंतू मेले, आठवड्यात मासे मेले. धंद्याचं ज्ञान म्हणतात ते एवढंच. पाच मिनिटांत कुणीही शिकेल.

म्हणूनच त्यानं ते कुणाला शिकवलं नव्हतं. डबा बंद करताना तो खिशातून एक निळी बाटली काढायचा आणि चार थेंब टाकायचा.

"औषध हाय, अण्णा. महिनाभर बघाय नको."

बाटलीत पाणी आणि मिठाईत घालायचा रंग. लोकांना मेहनतीपेक्षा औषधावर विश्वास बसतो, मग त्यानं औषध दिलं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं.

२००३ सालच्या नवरात्रात, पंचमीच्या सकाळी, त्याच्या गल्लीतल्या पानपट्टीवर चन्नाप्पांचा फोन आला. मासे मरायला लागलेत, असशील तसा ये. जोतीराम निघाला. आख्खं गाव पंचमीचा कोहळा फोडताना बघायला टेंबलाईच्या टेकडीकडं चाललेलं, आणि हा उलटा शाहूपुरीकडं.

हॉलमध्ये घट बसले होते. पेटीतलं पाणी काचेसारखं नितळ. दोन लाल मासे पेपरवर मरून पडलेले, बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते. जोतीरामनं डबा उघडला. स्पंज पिवळाधमक, दुकानातून आणल्यासारखा.

"ह्यो कुणी धुतला?"

चन्नाप्पांची बायको रत्नव्वा घटासमोरून उठली. "बनाबाईला विचार."

बनाबाई भांडी घासायची त्या घरात. पदराला हात पुसत ती दारात आली. "आव्वा, तुमीच म्हणलासा की! दसरा काढताना. समदं घर धुतलंस आन् घटाम्होरं त्ये काळं तसंच ठेवतीस व्हय, म्हणून."

"मी पुसून घे म्हटलं. उकळत्या पाण्यात घाल म्हटलं होतं?"

"गोधड्या घातल्या, त्याच पाण्यात त्ये बी घातलं. दोन दिस गच्चीवर वाळवलं. मला वाटलं, जोतीराम नवं औषध घालतोयच की दर म्हैन्याला, जुनी घाण कशाला ठिवायची?"

"अक्कल शिकवू नको," चन्नाप्पा म्हणाले. "जोत्या, तूच सांग. हिच्यामुळंच मेले ना मासे? तसं असलं तर उद्यापासनं हिनं यायचं नाही."

घरावरचं संकट काळ्या माशानं अंगावर घ्यायचं असतं. ह्या घरात ते भांडीवालीनं घ्यायचं असं ठरत होतं. आणि जोतीरामला फक्त व्हय म्हणायचं होतं. व्हय म्हटलं की बाटली शाबूत, शाहूपुरीतली घरं शाबूत. त्यानं बनाबाईकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पेपरवरच्या माशांकडं बघत होती.

"न्हाय," तो म्हणाला. "माझ्यामुळं मेले."

"काय?"

"औषध नसतंयच, अण्णा. बाटलीत रंग हाय. ती काळी घाण हेच औषध. ती ठिवायची असती, ह्ये मी सांगितलं असतं तर बाईनं हात लावला नसता."

"सात वर्षं तू रंग घालून आम्हाला बनवलास?"

"बनवलं की. पण सात वर्षं एक मासा मेला न्हाय, त्ये बी माझ्यामुळंच."

चन्नाप्पांनी तोंड उघडलं, तोवर जोतीराम दाराबाहेर होता.

अर्ध्या तासात तो दातांच्या डॉक्टरकडच्या पेटीतला एक काळा स्पंज पिशवीत घालून परत आला. कालपासून भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी मागून घेतलं, पेटीतलं निम्मं पाणी बदललं. मग बनाबाईला जवळ बोलावलं आणि जंतू उतरावेत म्हणून त्या नितळ पाण्यातच तो काळा स्पंज पिळला. आख्खी पेटी गटारासारखी झाली.

"अय्यय्यो!" रत्नव्वा ओरडली. "घटासमोर?"

"मागं फिरून बसा, आव्वा. उद्या नितळ हुतंय." पिळलेला तो स्पंज त्यानं फिल्टरच्या डब्यात बसवला. "बनाबाई, बघून घे. फुडच्या म्हैन्यापासनं पेटीतलंच पाणी बादलीत काढायचं आन् त्यात दोनदा पिळायचा. नळ न्हाय, साबण न्हाय, ऊन न्हाय. आन् चार दिस माशास्नी खायला घालू नको."

संध्याकाळपर्यंत आणखी एक लाल मासा गेला. काळ्यासकट सहा राहिले. काळ्याला काहीच झालं नव्हतं.

चन्नाप्पांनी बनाबाईला काढलं नाही. जोतीरामला काढलं. बाटलीची गोष्ट पेठेत पसरली आणि दिवाळीपर्यंत त्याची पाच घरं गेली. डॉक्टर तेवढा पोट धरून हसला आणि राहिला.

दिवाळीनंतर बनाबाई त्याला भाजीमंडईत भेटली.

"फिल्टर कोण बघतंय आता?" त्यानं विचारलं.

"मीच की. तुझं काम आलं माझ्या गळ्यात."

"पगार वाढवला?"

"वाढवत्यात व्हय! भांडी घासतीसच, त्यात एक स्पंज काय जड हाय, म्हणत्यात." तिनं मेथीची जुडी उलटी करून मुळं बघितली. "आन् त्यो तुझा पालथा कप हाय न्हवं? त्यात आता चहा मला देत्यात."

"घेतीस?"

"घेती. सोडू कशाला?"

"आन् स्पंज कशात पिळतीस?"

"पेटीच्याच पाण्यात."

"बरं," जोतीराम म्हणाला आणि सायकलला बादली अडकवून डॉक्टरकडं निघाला.